एवढं मोठं बीळ खोदलं कोणी? महाकाय सस्तन प्राण्यांच्या जीवाश्म बिळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉसिल म्हटलं की डोळ्यासमोर हाडंच येतात, त्यामुळे जीवाश्म बिळांचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला, आत काय सापडलं? आणि उत्तर बहुतेक वेळा, काहीच नाही. डोंगर पोखरून उंदीर काढला असं आपण म्हणतो, इथे तर उंदीरसुद्धा निघत नाही, पोखरलेला डोंगर हाच काय तो शोध. तर नेहमी येणारे प्रश्न एकदाच घेऊन टाकू.

बीळ ही तर नुसती पोकळी, ती जीवाश्म कशी होईल?

होते. जीवाश्मांचे ढोबळमानाने दोन प्रकार धरा, एक प्राण्याच्या शरीराचे म्हणजे हाडं, दात, शिंपले, आणि दुसरे प्राण्याने मागे ठेवलेल्या खुणांचे, म्हणजे पाऊलखुणा, शेण, घरटी, बिळं. दुसऱ्या प्रकाराला ट्रेस फॉसिल म्हणतात. प्राणी मेल्यावर हाड उरतं, पण खूण ही तो जिवंत असतानाची असते, त्यामुळे तो काय करायचा हे खुणेवरून जास्त नीट कळतं.

आता ही बिळं दोन अवस्थांमध्ये मिळतात. काही अजून उघडी आहेत, म्हणजे माणूस वाकून किंवा रांगत आत जाऊ शकतो. ब्राझीलमध्ये यांना पॅलिओटोका म्हणतात, टोका म्हणजे बीळ. आणि काही पूर्ण भरून गेलेली असतात, म्हणजे पुराचा गाळ, वरून पडलेली माती, वाऱ्याने आलेली धूळ आत साचत गेली आणि आता कड्याच्या उभ्या भिंतीत वेगळ्या रंगाचा एक मोठा गोल नाहीतर लंबगोल डाग तेवढा दिसतो. त्याला क्रोटोविना म्हणतात, हा शब्द रशियन आहे, क्रोत म्हणजे तिकडचा चिचुंदरीसारखा जमीन उकरणारा मोल. मातीच्या अभ्यासात हा शब्द आधी मुठीएवढ्या बिळांसाठी वापरायचे आणि पुढे तोच शब्द माणूस उभा राहील एवढ्या बिळांना चिकटला, हे मला अजूनही गमतीशीर वाटतं.

ही साधी गुहा नाही, बीळच आहे, हे कशावरून ठरवतात?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात.

पहिली गोष्ट खडक. नैसर्गिक गुहा जास्त करून चुनखडीत होतात कारण चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. लाव्हाच्या नळ्या असतात त्या बेसॉल्टमध्ये, पण त्यांचा आकार आणि आतली भिंत वेगळीच दिसते, वितळलेल्या दगडाचे ओघळ वगैरे असतात. दक्षिण ब्राझीलमधली बिळं मात्र कुजलेल्या ग्रॅनाईटमध्ये, कुजलेल्या बेसॉल्टमध्ये, वालुकाश्मात, डोंगरउतारावर साचलेल्या जुन्या मातीत, अशी कुठेही आहेत. इतक्या वेगवेगळ्या खडकांत एकाच मापाचे, एकाच आकाराचे बोगदे पाणी करत नाही. पाणी माती पोखरतं हे खरं, पण ते उताराने खाली जातं आणि वेडंवाकडं पोखरतं. ही बिळं वर चढतात, पुन्हा उतरतात, फाटे फुटतात, मध्येच रुंद होऊन खोलीसारखी जागा तयार होते, आणि कुठेही आडवा छेद घेतला तरी तो लंबगोल नाहीतर गोल.

दुसरी गोष्ट नखं. भिंतीवर आणि छतावर लांब, समांतर, खोल ओरखडे असतात, बऱ्याचदा दोन-दोन किंवा तीन-तीन एकत्र. जिथे दगड ओलसर आणि मऊ होता तिथे ते इतके ताजे दिसतात की फोटो बघून लोकांना जेसीबीच्या दातांचे वाटतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात आवडते ती. काही ठिकाणी भिंतीचा खालचा भाग घासून गुळगुळीत झालेला असतो आणि त्याच्या वर मात्र ओरखडे तसेच असतात. अंग घासत येजा केल्याशिवाय असं होत नाही. युरोपातल्या गुहांमध्ये केव्ह बेअर म्हणजे गुहेतल्या नामशेष अस्वलांनी अंग घासून अशाच चकचकीत केलेल्या भिंती आहेत, फक्त त्या गुहा अस्वलांनी खोदलेल्या नाहीत, आयत्या मिळालेल्या आहेत.

मग खोदलं कोणी? थेट नाव सांगा.

एकच नाव हवं असेल तर निराशा होईल. दोन गट संशयित आहेत. एक, जमिनीवर राहणारे महाकाय स्लॉथ, आणि दोन, महाकाय आर्माडिलो, म्हणजे अंगावर हाडांचं चिलखत असणारे प्राणी, आणि त्यांचे नामशेष भाऊबंद पॅम्पाथेर. सगळे एकाच मोठ्या कुळातले, झेनार्थ्रा नावाच्या, आणि हे कूळ मूळचं दक्षिण अमेरिकेचं. आज झाडाला उलटा लटकून राहणारा स्लॉथ आपण बघतो, त्याचे हे नामशेष नातेवाईक, पण लटकण्याशी यांचा काही संबंध नाही, गाईपासून हत्तीपर्यंतच्या मापाचे प्राणी होते.

बिळांच्या मापावरूनच साधारण वाटणी होते. ज्यांचा व्यास दीड मीटरच्या आत आहे ती आर्माडिलोंची किंवा पॅम्पाथेरची असावीत असं धरतात, आणि ज्यांची उंची २ मीटर आणि रुंदी ४ मीटरपर्यंत जाते ती स्लॉथची, कारण एवढ्या मापाचा आर्माडिलो कधी झालाच नाही. अर्जेंटिनात मार देल प्लाताच्या किनाऱ्यावरच्या कड्यांमध्ये अशी बरीच बिळं उघडी पडलेली आहेत. जीवाश्मतज्ज्ञ सेर्जिओ विस्काइनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली त्यांचा अभ्यास छापला, त्यात बिळांची मापं आणि भिंतीवरचे ओरखडे त्या भागात राहणाऱ्या प्राण्यांच्या पंजांशी जुळवून बघितले आणि दोन स्लॉथची नावं पुढे केली, स्केलिडोथेरियम आणि ग्लोसोथेरियम. स्केलिडोथेरियमची हाडं डार्विनला बीगल जहाजाच्या प्रवासात अर्जेंटिनातल्या पुंता आल्ता इथे मिळाली होती, इंग्लंडचा शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने नाव दिलं. म्हणजे प्राणी कपाटात दीडशेपेक्षा जास्त वर्षं होता, त्याचं घर ओळखायला एवढा वेळ गेला.

आत एखाद्या प्राण्याचं हाड मिळालं तर प्रश्नच मिटला ना?

नाही मिटत, आणि घोळ होतो तो इथेच. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. बीळ खोदणारा एक, राहणारा दुसरा, मरायला आलेला तिसरा, आणि पुराने हाड वाहून आणलं तो चौथाच. आजचा जायंट आर्माडिलो घ्या, ३० ते ५० किलोचा प्राणी, त्याच्या बिळांसमोर कॅमेरे लावले तर २० पेक्षा जास्त जातींचे प्राणी ती बिळं वापरताना दिसले, कोणी झोपायला, कोणी लपायला, कोणी आत शिकार मिळते का बघायला. लाखो वर्षांपूर्वी वेगळं काही असेल असं मानायला कारण नाही.

अर्जेंटिनात अशा एका बिळात आर्क्टोथेरियम नावाच्या महाकाय अस्वलांची हाडं एकत्र मिळालीत. म्हणजे बीळ अस्वलाने खोदलं असा अर्थ लगेच काढायचा नाही, त्याने राहायला घेतलं एवढंच म्हणता येतं. मालक आणि भाडेकरू यातला फरक हाडावरून कळत नाही, तो भिंतीवरून कळतो. भिंतीवरचा ओरखडा वाहून येत नाही, तिथेच पडलेला असतो, म्हणून मी तरी आधी भिंत बघेन, मग हाड.

हाड पुरावा म्हणून कधी चालतं? एक तर पूर्ण सांगाडा जसाच्या तसा, सांधे जागच्या जागी, अंग मुडपून झोपल्यासारखा, बिळाच्या अगदी टोकाच्या खोलीत मिळाला तर. आणि तेसुद्धा एकदा नाही, अनेक बिळांत तोच प्राणी मिळाला तर.

टनभर वजनाचा स्लॉथ जमीन खोदतो, हे पटत नाही.

सुरुवातीला कोणालाच पटत नाही. ग्लोसोथेरियम टनभर किंवा त्याच्याही वर वजनाचा होता, आणि आज बिळात राहणारे मोठे प्राणी म्हणजे आफ्रिकेतला मुंग्या-वाळवी खाणारा आर्डवार्क, तो फार तर ६०-७० किलो. अस्वलं त्याहून कितीतरी मोठी असतात आणि हिवाळ्यासाठी गुहा खोदतातही, पण ती दोन-तीन मीटरची एका मोसमाची सोय असते.

पण हाताची रचना बघा. कोपराच्या मागे हाडाचं जे टोक असतं, आपण टेबलावर टेकवतो ते, त्याला हात सरळ करणारा स्नायू लागलेला असतो. हे टोक जितकं लांब तितकी पहार लांब, म्हणजे हात मागे ओढताना वेग कमी पण जोर जास्त. धावणाऱ्या प्राण्यांत ते आखूड असतं, खोदणाऱ्यांत लांब. अर्जेंटिनाच्या संशोधकांनी स्लॉथची हाडं अशी मोजली तेव्हा ग्लोसोथेरियम आणि स्केलिडोथेरियम खोदणाऱ्यांच्या बाजूला पडले. त्यात हाताची हाडं जाड आणि दणकट आणि बोटांना मोठाली नखं.

या नखांनी आधीही लोकांना चकवलंय बरं का. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफर्सन यांच्याकडे एका गुहेतून अशी नखं आली तेव्हा त्यांना ती प्रचंड सिंहाची वाटली, म्हणून नाव दिलं मेगॅलोनिक्स, म्हणजे मोठं नख. निघाला स्लॉथ.

आणि मोठे प्राणी खडक उकरत नाहीत असंही नाही. केनियात माउंट एल्गनच्या गुहांमध्ये आजचे हत्ती अंधारात चाचपडत आत जातात आणि मिठासाठी सुळ्यांनी भिंत फोडून खातात, पिढ्यान् पिढ्या हे चालू राहिल्याने गुहा मोठी होत गेली. हत्ती तिथे राहत नाही, फक्त खातो, पण वजन जास्त म्हणजे खोदणार नाही हा हिशेब चुकीचा आहे हे तरी कळतं.

म्हणजे ते प्रसिद्ध मेगाथेरियमनेच खोदलं असणार?

नाही. सगळ्या चित्रांमध्ये तेच असतं म्हणून लोकांना तेच आठवतं. ४ टनांचं स्लॉथचं धूड होतं ते, या बिळांमध्ये मावलंच नसतं. आर्माडिलोचे कवचवाले महाकाय नातेवाईक ग्लिप्टोडॉन्टही नाहीत, त्यांची पाठ म्हणजे अख्खा न वाकणारा घुमट.

सगळ्यात मोठं बीळ कुठलं?

ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यात, अॅमेझॉनच्या भागात. ब्राझीलच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले अमिल्कार अदामी यांच्या कानावर २०१० मध्ये तिथल्या एका विचित्र गुहेची गोष्ट आली, ते जाऊन बघून आले आणि पुढे २०१५ मध्ये सविस्तर नकाशा करायला परत गेले. सगळे फाटे मिळून लांबी सुमारे ६०० मीटर. मुख्य बोगदे मुळात माणसाच्या उंचीपेक्षा जास्त उंच आणि साधारण १ ते दीड मीटर रुंद. बाहेर काढलेल्या मातीदगडाचा अंदाज ४ हजार टन.

४ हजार टन एका प्राण्याचं काम नाही, एका पिढीचंही नाही. तिथे कित्येक पिढ्या राहिल्या असणार, प्रत्येकीने थोडं थोडं वाढवलं असणार, जसा जुना वाडा वाढत जातो आणि शेवटी कुठली खोली कोणी बांधली ते कोणालाच सांगता येत नाही.

पण हे टोकाचं उदाहरण झालं. दक्षिणेकडे रिओ ग्रांदे दो सुल राज्यात जी बिळं मिळतात ती जास्त करून त्यापेक्षा खूप लहान, काही मीटर, काही दहा मीटर, कारण वरचा भाग ढासळलेला किंवा गाळाने भरलेला, आणि आपल्याला मिळतो तो मधला तुकडा. तिथले भूवैज्ञानिक हाइनरिश फ्रांक यांना एका बांधकामाच्या कापलेल्या टेकाडात गोल भोक दिसलं, तिथून त्यांना नाद लागला आणि पुढे त्यांच्या टीमने एकट्या त्या राज्यात १५०० च्या वर बिळं नोंदवली. आधी कोणी बघितलीच नव्हती असं नाही, बघितली होती, पण काय बघतोय ते कळलं नव्हतं. रस्त्यासाठी डोंगर कापला की कापलेल्या भिंतीत भोकं दिसायची आणि लोक गाडीतून पुढे निघून जायचे.

एवढं लांब बीळ कशाला लागतं? निवाऱ्याला पाच मीटर पुरले असते.

खरंय, आणि यावर तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. एक बाजू तापमानाची. झेनार्थ्रा गटातल्या आजच्या प्राण्यांचं चयापचय त्यांच्या वजनाच्या मानाने मंद असतं आणि शरीराचं तापमान इतर सस्तन प्राण्यांपेक्षा कमी, थंडी-उन्हाचा फरक त्यांना लवकर जाणवतो. नामशेष नातेवाईकांचंही तसंच असेल तर जमिनीखाली दोन-चार मीटरवर जिथे हवामान वर्षभर जवळपास सारखं राहतं तिथे जाऊन बसणं शहाणपणाचं. दुसरी बाजू शत्रूंची. पनामाचा जमिनीचा पूल सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी तयार झाला आणि उत्तरेकडून मोठे मांसाहारी खाली आले, पुढे स्मायलोडॉनसारखी लांब सुळ्यांची मोठी मांजरं आणि ती महाकाय अस्वलं. मोठ्या स्लॉथला कदाचित फार भीती नसेल, पण पिल्लाला होती.

तरी ६०० मीटरचं उत्तर यातून मिळत नाही हे मान्य. माझा कल पिढ्यांच्या साठत गेलेल्या कामाकडे आहे.

खोदलेली माती कुठे गेली मग?

तोंडाशी ढीग होता, पावसाने नेला. हजारो वर्षांत उताराचा आकारच बदलतो, कित्येक बिळांचं मूळ तोंडसुद्धा आता उरलेलं नाही.

वय कसं काढतात? पोकळीचं वय मोजता येतं?

पोकळीचं नाही येत. चारी बाजूंनी घेरून आकडा काढावा लागतो. ज्या खडकात किंवा मातीत बीळ खोदलंय त्या थरापेक्षा बीळ तरुण असणार, हे उघड आहे, पण थर कोट्यवधी वर्षांचा वालुकाश्म असेल तर याचा काडीचा उपयोग नाही. आत गाळ साचला असेल तर गाळातल्या वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते ल्युमिनेसन्स पद्धतीने काढता येतं, मग बीळ त्या गाळापेक्षा जुनं हे नक्की. भिंतीवर खनिजांचा थर चढला असेल तर त्याचं वय निघू शकतं. आणि शेवटची रेघ म्हणजे प्राणी. हे मोठे खोदणारे दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून साधारण १० ते १२ हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले, त्यानंतर हे काम करायला कोणी उरलंच नाही.

हाडावर कार्बन डेटिंग का करत नाही असं नेहमी विचारलं जातं. हाड असलं आणि त्यातलं कोलॅजेन नावाचं प्रथिन टिकलं असलं तर करतात, पण ती पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते, आणि हाड भाडेकरूचं असेल तर वय भाडेकरूचं मिळतं.

जुन्या मातीतलं बीळ ओळखायचं कसं? मातीत माती.

डोळ्याला सवय लागते. प्राचीन माती म्हणजे कधीकाळी उघडी असलेली, गवत झाडं वाढलेली जमीन, जी पुढे नव्या गाळाखाली गाडली गेली. तिच्यात मुळांच्या खुणा असतात, चुन्याचे गोळे असतात, वरून खाली रंग बदलत जातो. अर्जेंटिनाच्या पाम्पा या गवताळ मैदानाच्या भागात वाऱ्याने आणलेल्या बारीक धुळीचे जाड थर आहेत, लोएस म्हणतात, आणि त्यात अशा गाडलेल्या जमिनी एकावर एक सापडतात, मध्ये मध्ये तोस्का नावाचा चुन्याने घट्ट झालेला कडक पापुद्रा.

आता या थरांना कापत जाणारा एक लंबगोल दिसला, आतला मसाला वेगळ्या रंगाचा, तळाला पाण्याने बसवलेले पातळ पातळ थर आणि वर छतातून पडलेली ढेकळं, तर समजा भरलेलं बीळ आहे. नदीचा जुना पाट असेल तर त्याला वरून छत नसतं, तो वरच्या बाजूला उघडा असतो. बिळाला चारी बाजूंनी जुनी जमीन असते. आणि आतला मसाला हळूच सोडवून काढला तर कधीकधी बाहेरच्या भिंतीवरचे ओरखडे मसाल्यावर उलटे उठलेले मिळतात, साच्यातून मूर्ती निघावी तसे.

ही भानगड फक्त दक्षिण अमेरिकेतच आहे का?

एवढी मोठी, हो, तिथेच. लहान बिळं जगभर आहेत आणि फार जुनी आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीची बिळं आहेत, तीही मळसूत्रासारखी गोल गोल उतरत जाणारी, आणि आत डिक्टोडॉनचे मुडपून झोपलेले सांगाडे. हे सस्तन प्राणी नाहीत, सस्तन प्राण्यांच्या वंशातले लांबचे नातेवाईक, पण खोदायची खोड किती जुनी आहे ते बघा.

मांसाहारी प्राण्यांचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत नेब्रास्कातल्या अॅगेट फॉसिल बेड्स या जागी चला. तिथे १९८१ मध्ये बेअर डॉग म्हणजे धड ना कुत्रा धड ना अस्वल अशा एका नामशेष गटाच्या गुहा सापडल्या, सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच्या, आत डॅफिनोडॉनची हाडं, मोठ्यांची आणि पिल्लांचीही. रॉबर्ट हंट आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ते छापलं. मोठे शिकारी प्राणी खोदलेल्या गुहेत पिल्लं वाढवत होते याचा हा फार जुना पुरावा आहे.

उत्तर अमेरिकेचं कोडं मात्र खरंच कोडं आहे. दक्षिणेतले स्लॉथ आणि पॅम्पाथेर पूल ओलांडून वर गेले, मेक्सिको, टेक्सस, फ्लोरिडा, सगळीकडे त्यांची हाडं आहेत. पण ब्राझीलसारखे बोगदे तिथे कोणी दाखवलेले नाहीत.

ते सैतानाच्या स्क्रूचं काय प्रकरण आहे?

तेही नेब्रास्काचंच, आणि ऐकण्यासारखं. जमिनीतून उभे निघालेले, माणसापेक्षा उंच, अगदी आखीव मळसूत्री दगडी खांब, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखे. तिथल्या लोकांनी नाव ठेवलं सैतानाचा कॉर्कस्क्रू. प्राध्यापक अर्विन बार्बर यांनी १८९१ मध्ये ते बघितले आणि पुढच्या वर्षी डेमोनिलिक्स असं नाव देऊन छापलं, आधी वाटलं गोड्या पाण्यातले स्पंज असावेत, मग म्हणाले वनस्पती आहे, कारण कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर खरंच वनस्पतीच्या पेशी दिसायच्या. १८९३ मध्ये एडवर्ड कोप आणि व्हिएन्नाचे थिओडोर फुक्स या दोघा जीवाश्मतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे सांगितलं की अहो हे कुरतडणाऱ्या प्राण्याचं भरलेलं बीळ आहे. बार्बर ऐकेनात. एका स्क्रूच्या आत अशाच प्राण्याची हाडं मिळाली तरी ऐकेनात.

मग पेशी कुठून आल्या? ती जमीन ज्वालामुखीच्या राखेने भरलेली होती, राखेत सिलिका भरपूर, आणि झाडांची मुळं ओलाव्यासाठी बिळाच्या भिंतीत शिरायची, तिथेच दगड होऊन जायची. म्हणजे पुरावा खरा होता, अर्थ चुकला. शेवटी १९७७ मध्ये लॅरी मार्टिन आणि डेब बेनेट यांनी भिंतीवरच्या खुणा नीट तपासल्या आणि बऱ्याच खुणा नखांच्या नसून पुढच्या दातांच्या आहेत हे दाखवलं. पॅलिओकॅस्टर नावाचा, जमिनीवर राहणारा छोटा बीव्हर, म्हणजे तोच कुरतडणारा प्राणी, दातांनी माती कापत गोल गोल खाली जायचा. इथेही निकाल भिंतीनेच दिला. आणि नागोबा इथेही आहे, एका स्क्रूत झोडिओलेस्टिस नावाचा मुंगसासारखा शिकारी वेटोळं करून पडलेला मिळाला, बहुधा बीव्हर खायला आला असेल.

बीव्हर काही महाकाय नाही, विषय मोठ्या प्राण्यांचा आहे हे मला ठाऊक आहे, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

माणसांनी खोदले नसतील कशावरून?

दक्षिण ब्राझीलमध्ये लोकांचा बरीच वर्षं हाच समज होता. कोणी म्हणायचं मूळ रहिवाशांनी लपायला खोदले, कोणी म्हणायचं जेझुइट पाद्र्यांनी सोनं लपवायला, आणि सोन्याच्या आशेने काही बिळं पुढे उकरलीही गेली, त्यात जुने ओरखडे गेले ते गेलेच. माणसाच्या हत्याराचा घाव आणि नखाचा ओरखडा वेगळा असतो. नखाचा सुरुवातीला खोल, ओढत जातो तसा उथळ, आणि शेजारच्या ओरखड्याशी अंतर कायम तेवढंच, कारण बोटं एकाच पंजाची.

पण माणसांचा संबंध नाही असंही नाही. सांता कातारिना राज्यातल्या काही बिळांच्या भिंतींवर मूळ रहिवाशांनी कोरलेल्या आकृत्या आहेत. म्हणजे भाडेकरूंच्या यादीत आपणही आलो.

प्राणी माहीत नाही तर बिळाला नाव कसं देतात?

ट्रेस फॉसिलला स्वतःचं वेगळं नाव असतं, प्राण्याशी न बांधलेलं. २०१७ मध्ये या बिळांना मेगाइक्नस असं नाव दिलं गेलं, मोठ्यांना मेगाइक्नस मेजर, लहानांना मेगाइक्नस मायनर. उद्या खोदणारा दुसराच निघाला तरी नाव बदलावं लागणार नाही, फार सोयीची पद्धत आहे. डेमोनिलिक्स हे नावही असंच टिकलं, वनस्पतीचं म्हणून ठेवलेलं आणि आता बिळाचं म्हणून चालू.

चिलीतली मिलोडॉनची गुहा हे बीळच ना?

नाही, ती नैसर्गिक गुहा आहे. १८९५ मध्ये हेर्मान एबरहार्ड यांना तिथे स्लॉथचं केसांसकट कातडं मिळालं, इतकं चांगलं टिकलेलं की प्राणी अजून जिवंत असेल म्हणून लोक शोधायला निघाले होते. कमाल जागा आहे, पण मिलोडॉन तिथे राहिला, त्याने ती खोदली नाही.

असं बीळ दिसलं तर आत जाऊन बघावं का?

तोंडाशी उभं राहून टॉर्च मारा, फोटो घ्या, मापासाठी ओळखीची वस्तू शेजारी ठेवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. आत शिरायचं नाही, याची कारणं साधी आहेत, छत मातीचं आहे आणि हजारो वर्षं टिकलं म्हणजे आजही टिकेल असं नाही, खोलवर हवा खेळती नसते, आणि वटवाघळं असतील तर त्यांच्या विष्ठेतली बुरशी श्वासातून फुप्फुसात जाते आणि माणूस चांगलाच आजारी पडतो. ब्राझीलमध्ये १९४२ च्या कायद्यानुसार जीवाश्म ही देशाची मालमत्ता आहे, त्यामुळे तिथे काही उकरून घरी नेणं हा गुन्हा ठरू शकतो.

आणि भिंतीवर नाव कोरू नका. हे लिहावं लागतंय हेच वाईट आहे, पण उघड्या बिळांमध्ये स्लॉथच्या ओरखड्यांवर चाकूने कोरलेली बदामं असतात, आणि एकदा तो चाकू फिरला की दोन नखांमधलं अंतर मोजायला काही उरत नाही.

ओरखड्यांवरून नेमकी जात ओळखता येते का?

जात क्वचितच, गट बऱ्यापैकी. एकाच पंजाच्या दोन ओरखड्यांमधलं अंतर, रुंदी, खोली आणि त्यांची संख्या मोजतात आणि सांगाड्यांच्या पंजांशी ताडून बघतात. हल्ली भिंतीचं थ्रीडी स्कॅनिंगही होतं, त्यात छत पुढे ढासळलं तरी मोजमाप हातात राहतं. अडचण एवढीच की जिवंतपणी नखावर केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्या पदार्थाचं, कवच असायचं, ते टिकत नाही, फक्त आतलं हाड मिळतं, त्यामुळे खरं नख हाडापेक्षा किती लांब होतं ते अंदाजानेच धरावं लागतं.